तव्यावरचा डावा हात

अट अशी होती की मी उंबऱ्याबाहेर बसायचं आणि आत काहीही झालं तरी तोंड उघडायचं नाही. अट मावशींनी घातली होती आणि ती मोडायचा मला कसलाही हक्क उरलेला नव्हता. म्हणून सकाळी सात वाजता मी, मावशी कामाला जातात त्या भाकरीच्या घराच्या पायरीवर बसले होते. आत तीन चुली पेटलेल्या होत्या. एरवी त्या वेळी खाली बसून पीठ मळणाऱ्या सहा बायका भिंतीला टेकून उभ्या होत्या, आणि प्रत्येकीची नजर दुसरीच्या हातांवर होती.

त्यातल्या एका हातावर ही वेळ मी आणली होती. एक पत्रक छापून.

आमच्या घरात कागद फार. माझे वडील सोलापुरातल्या एका गिरणीत कामाला होते. गिरणी बंद पडली तरी त्यांचं पत्रकं काढणं बंद पडलं नाही. नळाला पाणी चौथ्या दिवशी येतं म्हणून पत्रक, रेशनच्या ज्वारीत खडे निघाले म्हणून पत्रक. उरलेल्या पत्रकांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी बाराखडी गिरवली. पुढून 'कामगार बंधूंनो आणि भगिनींनो', मागून माझा क, ख, ग. पत्रक कसं लिहावं हे मला कुणी शिकवायला बसलं नाही, पण जेवताना बाबांचे नियम कानावर पडायचे. अन्याय काय झाला ते सांगावं, कोणी केला ते सांगावं, आता काय करायचं ते सांगावं, आणि थांबावं. ज्याच्यावर अन्याय झाला त्याचं नाव मात्र कधी छापू नये. "नाव छापलं की मालक त्याला गाठतो," बाबा म्हणायचे. "नाव नसलं की माणूस झाकलेला राहतो."

गिरणीच्या गेटातून एकेका पाळीला एवढी माणसं बाहेर पडायची की नाव काढलं की माणूस खरंच गर्दीत मिसळून जायचा. भाकरीच्या घरात सहा बायका होत्या. हा फरक माझ्या डोक्यात आला नाही.

मी कुष्ठरोग होऊन गेलेल्या माणसांबरोबर काम करते. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, पूर्ण घेतलं की रोग बरा होतो, आणि औषध सुरू झालं की तो दुसऱ्याला लागत नाही. हे मी इतक्या वेळा म्हटलंय की आता ते माझ्या तोंडून नळासारखं वाहतं. पण रोग गेल्यावर जे मागे उरतं त्याच्यावर गोळी नाही. मेलेली नस पुन्हा जिवंत होत नाही. ताट वेगळं करणाऱ्या वहिनीला, निरोप न देता लग्न उरकणाऱ्या भावाला औषध नाही. माझं काम त्या उरलेल्या गोष्टींशी असतं.

दर गुरुवारी दुपारी दवाखान्याच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आमचा गट बसतो. प्रत्येकासमोर एक बादली. ज्या हातापायांना स्पर्श कळत नाही ते वीस मिनिटं पाण्यात भिजवायचे, जाड झालेली कातडी दगडानं हलकेच घासायची, मग तेल लावायचं, म्हणजे भेगा पडत नाहीत. पहिल्या महिन्यातच माझ्या लक्षात आलं की पाय बादलीत असताना माणूस उठून जाऊ शकत नाही, म्हणून बोलतो. माझं सगळं समुपदेशन त्या वीस मिनिटांत चालतं.

गटातले सगळ्यात जुने मामा. सांगोल्याकडचे, मेंढरं राखणारे. रोग जाऊन कैक वर्षं झाली, पण डाव्या तळव्याची जखम अजून वरचेवर उघडते. पाय बादलीत सोडला की ते डोळे मिटायचे. "गावच्या पाटलाला तरी असं पाणी मिळतं का," म्हणायचे. लोकांनी त्यांना काय काय केलं ते विचारलं तर एकच उत्तर: "मेंढरांनी कधी इचारलं न्हाय. तेवढ्यावर दिवस काढले."

मावशी गटात आल्या तेव्हा त्यांचं औषध संपत आलं होतं. वय पंचेचाळीसच्या आसपास, माहेर अक्कलकोटकडचं, बोलणं निम्मं कन्नड निम्मं मराठी. नवरा गेलेला, मुलगी लांब दिलेली. शहरात एका खोलीत एकट्या राहायच्या आणि रोज सकाळी कडक भाकरी करायला जायच्या. सोलापूरची कडक भाकरी सगळ्यांनी खाल्लेली असते, ती होते कशी हे थोड्यांनी पाहिलेलं असतं. पापडासारखी पातळ थापायची, तव्यावर टाकून वरून पाणी फिरवायचं, पाणी सुकायच्या क्षणाला उलटायची, आणि मग मंद आचेवर कुरकुरीत होईपर्यंत वाळवायची. त्या घरात भाकरी उघड्या बोटांनी उलटायची रीत होती. उलथणं हातात घेणारी बाई म्हणजे शिकाऊ. आणि सगळ्यांत मावशींचा हात भारी. बाकीच्या बायका बोटं झटकायच्या, फुंकर मारायच्या, मावशी मात्र थंड. "हिला चटकाच बसत न्हाय," त्या घरातल्या बायका म्हणायच्या. "हिच्या बोटांत देव बसलाय."

पहिल्या गुरुवारी मी मावशींना डोळे मिटायला सांगितलं. स्पर्श कुठे कळतो ते बघायला आम्ही पेनाचं टोक हळूच टेकवतो, ज्याला टेकवलं त्यानं बोट दाखवून सांगायचं, इथं. उजव्या हाताला मी आठ ठिकाणी पेन टेकवलं. मावशी शांत बसून होत्या. मग डोळे न उघडताच म्हणाल्या, "कर की सुरू."

त्यांच्या बोटांच्या टोकांना बारीक फोड होते, काही पिकलेले. मी म्हटलं, मावशी, उलथणं वापरा, नाहीतर बोटं झडतील.

"उलथणं घेतलं की इचारतील," त्या म्हणाल्या. "म्हणतील, आज काय झालं. काय सांगू?"

"खरं सांगा."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच मला लहान वाटले. "त्या घरात मी सात तास असते. दुपारी त्या पाचजणींबरोबर एका परातीत जेवते. माझं दुसरं कोण हाय हितं? तव्यावरनं उठवलं तर मी जाऊ कुटं?"

बाजूच्या बादलीतून मामांनी उपाय सांगितला. "दर दहा भाकरींमागं एकदा चटका बसल्यागत 'हाय' म्हणायचं. बोट तोंडात घालायचं. कुणाला कळतंय?"

मावशी खरंच तसं करायला लागल्या. गुरुवारी आम्ही त्यांचं 'हाय' ऐकायचो. मामा परीक्षकासारखे मान हलवायचे: "लई मोठ्यानं नको. भाकरी हाय ती, इंचू न्हाय." सगळे हसायचे. मीही हसले. पण घरी जाताना तेच डोक्यात घोळायचं. स्वतःच्या शहरात, स्वतःच्या कामाच्या जागी, एका बाईनं भाजल्याचं नाटक करायचं, आणि ते आम्ही तिला शिकवायचं. याला आधार म्हणायचं की सामील होणं? तो प्रश्न खोटा नव्हता, आजही मला तो खोटा वाटत नाही. पण मी त्याचं उत्तर एकटीनं, एका बैठकीत, आमच्या घरच्या रीतीनं दिलं.

'आपल्याच शहरात एक बहीण भाकरी भाजते,' मी लिहिलं. 'तव्यावरची भाकरी ती उघड्या बोटांनी उलटते आणि तिला चटका बसत नाही. सगळ्या म्हणतात, काय कला आहे. ही कला नाही. हा तिच्या मेलेल्या नसांचा पुरावा आहे. ती बरी झाली आहे, पण हे ती कुणाला सांगू शकत नाही, कारण सांगितलं तर तिची चूल हिसकावली जाईल. लाज कुणाला वाटायला हवी?' खाली, आता काय करायचं ते. नाव कुठेही नाही.

गुरुवारी मी मावशींना म्हटलं, तुमच्यासारख्या बायकांवर एक पत्रक केलंय, नाव घातलेलं नाही. त्यांचा हात बादलीत होता. "नाव न्हाय न्हवं?" त्या म्हणाल्या. "मग काय." मावशी चौथीपर्यंत कन्नड शाळेत शिकलेल्या, मराठी अक्षर त्यांना लावून लावून वाचावं लागतं. कागद माझ्या पिशवीत होता. वाचून दाखवायला तीन मिनिटं लागली असती. छापखान्यात माझी वाट बघत होते, मी उठले.

पत्रकं मी स्वतः वाटली, स्टँडवर, स्टेशनवर आणि नव्या पेठेत. तिथं एका दुकानाच्या दारात कडक भाकरीच्या पिशव्या टांगलेल्या दिसल्या. मला वाटलं, हीच तर बरोबर जागा. मी आत जाऊन दुकानदाराच्या हातात दोन पत्रकं दिली. एक त्यांना, एक गिऱ्हाइकांसाठी.

सोमवारी दुपारी मावशींचा फोन आला.

"तुझा कागद पोचला."

"कुठं?"

"अक्कांच्या हातात."

अक्का म्हणजे भाकरीच्या घराच्या मालकीण. त्या माल द्यायला नव्या पेठेत गेल्या, तर दुकानदारानं गल्ल्यावर पत्रक पसरून विचारलं, ही तुमच्यातली तर नाही ना? अक्कांनी तिथल्या तिथे शब्द दिला, आमच्यात असं कुणी नाही. मग परत येऊन त्यांनी सगळ्यांना पत्रक वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाजणींनी अक्कांसमोर एकेक भाकरी उलटायची, असं ठरलं.

मी धावतच मावशींच्या खोलीवर गेले. त्यांनी मला आत घेतलं नाही. दाराच्या चौकटीला हात लावून उभ्या राहिल्या, उजवा हात पदरात. मी एका दमात सगळं बोलले, मी येते, डॉक्टरांचं पत्र आणते, रोग बरा झालाय, कामावरून असं काढता येत नाही, आपण लढू.

"पत्र वाचून कुणी भाकरी खातंय का?"

"मावशी, माझी चूक झाली. कुणाला कळेल असं मला..."

"कळलं ते सोड." त्यांचा आवाज चढला नव्हता. "कधीतरी कळणारच की. अक्का वाचत हुत्या तवा मला दुसरंच लागलं. काय लिवलंयस तू? ही कला न्हाय?"

तो कागद तेव्हाही माझ्या पिशवीत होता.

"बारा वर्षांची होते तवा आईनं तव्याम्होरं बसवलं. तवा दोनी हातांना चटका बसायचा. रडायची मी. आई म्हणायची, बोट घाबरलं की भाकरी फाटती. सा महिन्यांनी बोट घाबरायचं थांबलं. त्याला कला म्हणत्यात. रोग आला चार वर्षांमागं. रोगानं माझं लई नेलं. हे एक ऱ्हायलं हुतं. ते तू कागदावर त्याला देऊन टाकलंस."

जिन्यावरून कुणीतरी वर गेलं. मावशींनी वाट दिली, हसून काहीतरी कन्नडमध्ये बोलल्या, आणि पुन्हा माझ्याकडे वळल्या.

"उद्या न्हाय गेले तर मीच ती म्हणून ठरंल. गेले तर बघतील."

"मामांनी सांगितलं तसं..."

"साकु," त्या कन्नडमध्ये म्हणाल्या. "बास आता त्ये 'हाय'." त्या दार लावायला लागल्या आणि मध्येच थांबल्या. "तू ये उद्या. भाईर बस पायरीवर. तोंड उघडायचं न्हाय. तुझ्या कागदानं काय केलं त्ये डोळ्यांनी बघ."

संध्याकाळी मी बाबांसमोर पत्रक ठेवलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. मला वाटत होतं ते म्हणतील, चांगलं लिहिलंयस. त्यांनी कागदाची घडी घातली.

"तिला वाचून दाखवलंस?"

"नाही."

त्यांनी घडीवर अंगठा फिरवला. "आम्ही छापायच्या आधी ज्याचं त्याला गेटावर वाचून दाखवायचो. तो म्हणायचा, हे काढ, ते बदल. कधी कधी सगळंच काढ म्हणायचा. हे तुला सांगायचं राहिलं माझ्याकडून."

मी आयुष्यभर कागद पाहिले होते. गेटावर काय चालायचं ते पाहायला मला कुणी नेलं नव्हतं, आणि मी कधी विचारलंही नव्हतं.

तर मी पायरीवर बसले होते.

अक्का मधल्या चुलीशेजारी पाटावर बसल्या. पन्नाशीच्या, कपाळावर विभूती, बोलणं तोलून. "कुणावर आळ न्हाय," त्या म्हणाल्या. "मी पेठेत शब्द देऊन आले. त्यो खरा हाय का खोटा, एवढंच बघायचंय. या एकेक."

पहिली बसली. तिनं भाकरी टाकली, पाणी फिरवलं, कडेला बोट लावलं आणि "आई गं" म्हणून हात एवढा झटकला की भाकरी दुमडली. दुसरी त्याहून मोठ्यानं ओरडली. तिसरीनं तर बोटाला तवा लागायच्या आधीच तोंड वाकडं केलं. चौथ्या बाईची लहान लहान मुलं होती, ती सकाळपासून घाबरलेली होती. तिनं भाकरी उलटली, किंचाळली, आणि मग सगळ्यांना लाल झालेलं बोट दाखवत फिरली. बघा, बघा की. वर्षानुवर्षं रोज ढीगभर भाकरी भाजणाऱ्या बायका होत्या त्या. आदल्या दिवसापर्यंत चटका लपवण्यात त्यांची अब्रू होती, आणि आज चटका दाखवण्यात. माझ्या चार ओळींनी त्या घराची रीत एका दिवसात उलटी केली होती.

कोपऱ्यात शेंगाची चटणी कुटणारी आज्जी बसली होती. ती भाकरी करत नसल्यानं परीक्षेतून सुटलेली. तिनं मुसळ थांबवलं. "आज सगळ्याच नव्या नवऱ्या आल्यात की चुलीवर," ती म्हणाली.

पाचवीही ओरडली. तव्याशेजारी पाच फाटक्या, दुमडलेल्या भाकरी जमा झाल्या. मग अक्कांनी मान वळवली आणि बाकीच्यांनीही. खरं तर कुणाला काही शोधायचं नव्हतं. आदल्या दुपारी 'चटका बसत नाही' हे वाक्य ऐकलं तेव्हाच सगळ्यांना माहीत झालं होतं. आता ते समोर घडलेलं हवं होतं.

मावशी बसल्या. मी जीभ दातांखाली धरली. माझ्या पिशवीत डॉक्टरांचं पत्र होतं. आणलं होतंच मी, न सांगता. पिशवीचा बंद मी एवढा घट्ट धरला होता की बोटं दुखायला लागली.

त्यांनी पीठ थापलं. उजवा तळवा नुसता टेकवलेला, फिरवणं सगळं डाव्या हातानं. भाकरी तव्यावर गेली. पाण्याचा हात फिरला. मग त्यांनी उजवा हात पदराखाली घेतला. पाणी सुकत सुकत कडेपर्यंत आलं. एवढा वेळ लागतो का पाणी सुकायला? त्यांनी डावा हात पुढे केला. तीन बोटं भाकरीच्या कडेखाली गेली, थांबली, आणि भाकरी हवेत न उडता, न फाटता, पान उलटावं तशी उलटली. मावशींच्या तोंडून आवाज आला नाही. पापणीही हलली नाही.

"चटका न्हाय बसला?" अक्कांनी विचारलं.

"बसला की." मावशींनी डावी बोटं पुढे केली. टोकं लाल झाली होती. "या हाताला बसतोय." मग पदरातून उजवा हात काढून मांडीवर ठेवला, करंगळी थोडी वाकलेली. "याला न्हाय बसत. त्यो कागद माझाच हाय. औषध घेतलं, बरं झालं. बोटं परत आली न्हाईत."

त्यांनी तव्यावरच्या भाकरीकडे हनुवटी केली.

"पर भाकरी रोगाच्या आधीची हाय, अक्का. ती माझ्या आईची. बघितली न्हवं आता?"

लहान मुलांची आई पहिली हलली. तिनं खुंटीवरची पिशवी काढली. "मला बारकी पोरं हायत," ती कुणाकडेही न बघता म्हणाली आणि निघाली. मी पायरीवर आडवी होते, तिला मला ओलांडून जावं लागलं. तिची साडी माझ्या खांद्याला लागली. माझ्या तोंडात सगळी वाक्यं तयार होती, लागत नाही, औषध घेतल्यावर लागत नाही, जेवणातून तर नाहीच. मी ती गिळली. तिच्यामागून आणखी एक गेली. तिनं जाताना हात नळाखाली धरला, कोपरापर्यंत धुतला. ते मावशींनी पाहिलं. मीही पाहिलं.

"मला सांगायचं की," अक्का म्हणाल्या.

"सांगितलं असतं तर ठेवलं असतं?"

अक्कांनी चुलीतलं लाकूड आत सारलं. "ठाऊक न्हाय," त्या म्हणाल्या. त्या घरात त्या सकाळी बोललेलं मला सगळ्यात खरं वाटलेलं वाक्य ते.

आज्जी सरकत सरकत चुलीपाशी आली आणि तव्यावरची भाकरी तिनं काढून घेतली. "मऊ हाय तवर खाते. कडक झाल्यावर मला काय उपेग." चटणी लावून चावू लागली. "चार वर्षं हिच्याच हातचं खाल्लंय. दात गेलेत खरं, पर त्ये हिच्या आधीच गेले हुते."

"तू खाल्लंस," अक्का म्हणाल्या. "नवी पेठ खाईल?"

"नव्या पेठंला इचार. मी हितली हाय."

मग अक्का पहिल्यांदा दाराकडे वळल्या. "ती कागदवाली पोरगी हीच न्हवं? शिकलेली हाय. सांग की गं, हे लागतंय का न्हाय?"

मी मावशींकडे पाहिलं. मावशींनी मला थोडं ताटकळत ठेवलं. "सांग," त्या म्हणाल्या. "थोडक्यात."

"लागत नाही," मी म्हटलं. "त्यांना मात्र भाजलेलं कळत नाही, म्हणून उजवा हात तव्यापासून लांब हवा." लिहून, छापून, वाटून जेवढं मी त्या वर्षात बोलले त्यातलं हे सगळ्यात छोटं. पत्र पिशवीतच राहिलं.

अक्कांनी रिकाम्या झालेल्या दोन जागांकडे पाहिलं. तीन चुली पेटलेल्या होत्या, टेंभुर्णीच्या एका दुकानाचा माल दुपारपर्यंत द्यायचा होता. त्यांनी फळीवरून एक उलथणं काढलं, त्याच्या दांड्याला फडकं गुंडाळलं आणि मावशींसमोर ठेवलं. "उजव्या हातात हे. न घेता दिसलीस तर त्या दिवशी घरी." मग म्हणाल्या, "पेठेचं मी बघते. काय सांगायचं ते अजून मला बी कळलेलं न्हाय."

त्यात दया किती, धास्ती किती आणि नुसता धंदा किती, हे मला सांगता येणार नाही. मावशींनी उलथणं उचललं, उजव्या हातात धरलं आणि डावा हात पिठात घातला.

नव्या पेठेतल्या त्या दुकानानं माल घेणं बंद केलं. ते अजून बंदच आहे. हात धुऊन गेलेली बाई तीन आठवड्यांनी परत आली, आल्या आल्या परातीशी बसली, काही बोलली नाही. लहान मुलांची आई आली नाही. मी तिच्या घरी गेले होते. तिनं माझं सगळं ऐकून घेतलं, चहा दिला, आणि नाही म्हणाली.

मावशी गुरुवारी यायच्या बंद झाल्या. मामा दर आठवड्याला त्यांची बादली भरून ठेवायचे. मी म्हटलं, कशाला? "मेंढरू हुकलं तर वाड्याचं दार लावत नसत्यात," एवढंच म्हणाले, आणि माझ्याशी त्या दिवशी फार बोलले नाहीत. मला ते रागावलेत हे कळत होतं. गटातली आणखी दोन माणसं माझ्यासमोर जपून बोलायला लागली. माझ्या हातात पेन दिसलं की गप्प व्हायची, मग ते पेन स्पर्श तपासायला घेतलेलं का असेना.

सव्वादोन महिन्यांनी मावशी आल्या, आपल्या जागेवर बसल्या, उजवा हात पाण्यात घातला. बोटांना नवे फोड नव्हते. मी विचारायच्या आधी त्याच म्हणाल्या, "आता लपवायचं काय ऱ्हायलं न्हाय. लिवायचं तर लिव. पर आदी मला वाचून दाखवायचं."

हे सगळं मी त्यांना दोन गुरुवार वाचून दाखवलं. तीन जागी त्यांनी हात वर केला, त्या तीन जागा आता इथं नाहीत. मामांनी आपल्या पाटलाच्या वाक्यावर हरकत घेतली, मग म्हणाले राहू दे. भाकरी हवेत न उडता उलटली, हे मी आधी लिहिलं नव्हतं, ते मावशींनी घालायला लावलं. "उडवणारी शिकाऊ असती," त्या म्हणाल्या.

शेवटी त्यांनी आईचं ते वाक्य पुन्हा वाचायला सांगितलं. मी वाचलं, बोट घाबरलं की भाकरी फाटती.

"हां. एवढं बरोबर हाय," त्या म्हणाल्या. वीस मिनिटं होऊन गेली होती. त्यांनी हात पाण्यातून काढला, पदरानं टिपला आणि तेलाची बाटली मागितली.